फिरवलं की आकृती पळते: मॅट्रिक्सचे सहा आकडे वाचून दोष शोधा

आकृती कोपऱ्यात, आरंभबिंदूपाशी असते तोवर सगळं सुरळीत चालतं. ती पडद्याच्या मधोमध नेऊन फिरवली की एकतर गायब होते, नाहीतर मोठी चक्कर मारून भलतीकडेच जाऊन बसते. "सर, फिरवलं की पळतंय बघा," ही तक्रार कॉलेजच्या प्रोजेक्टवाल्या मुलांकडून येते, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेझर कटिंगसाठी छोटी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडून येते, आणि घरच्या चपलांच्या धंद्यातले पॅटर्न संगणकावर आणू पाहणाऱ्या पोरांकडूनही येते. भाषा आणि लायब्ररी प्रत्येकाची वेगळी, पण दोष बहुतेक वेळा तोच. कुठे पन्नास मिळव, कुठे वजा चिन्ह टाक, असं करत तो घालवायला गेलं तर गेल्यासारखा वाटतो आणि आकृतीचं माप बदललं की परत हजर होतो.

म्हणून माझा आग्रह असा, की कोडला हात लावण्याआधी मॅट्रिक्सचे, म्हणजे आकृती किती सरकवायची, फिरवायची, ताणायची ते सांगणाऱ्या आकड्यांच्या तक्त्याचे, सहा आकडे छापून घ्या आणि ते वाचायला शिका. त्या आकड्यांत दोषाचं नाव लिहिलेलं असतं.

सहा आकडे कसे वाचायचे

द्विमितीय चित्रकामातलं मॅट्रिक्स तीन बाय तीनचं असतं, पण त्याची एक ओळ कायम ०, ०, १ अशी ठरलेली असते. म्हणून साठवायला सहाच आकडे लागतात. कॅनव्हास (ब्राउझरमधला चित्रफलक), एसव्हीजी (रेषाचित्रांचा प्रकार), सीएसएस (वेबपानाची मांडणी लिहायची भाषा) आणि पीडीएफ या सगळ्यांत त्यांचा क्रम एकच आहे. त्यांना अ, ब, क, ड, इ, फ म्हणू.

नवा क्ष = अ × क्ष + क × य + इ
नवा य = ब × क्ष + ड × य + फ

इथे घाई करू नका. पहिल्या ओळीत क आहे, ब नाही. आकडे जोडीजोडीने वाचायचे. (अ, ब) ही जोडी सांगते की क्ष-अक्षावरचं एक एकक आता कुठल्या दिशेला आणि किती लांब गेलं. (क, ड) तेच य-अक्षाबद्दल सांगते. (इ, फ) म्हणजे जुना आरंभबिंदू आता जिथे जाऊन पडला ती जागा. काहीच न केलेलं मॅट्रिक्स १, ०, ०, १, ०, ० असं दिसतं. ९० अंश फिरवलेलं ०, १, −१, ०, ०, ० असं.

आकडे छापायची जागाही महत्त्वाची आहे. फंक्शनच्या सुरुवातीला छापून उपयोग नाही, चित्र काढणाऱ्या ओळीच्या अगदी आधी छापा. कॅनव्हासमध्ये त्यासाठी गेटट्रान्सफॉर्म आहे. ९० अंशाला शून्याच्या जागी सहा गुणिले दहाचा उणे सतरावा घात असलं काहीतरी दिसलं तर घाबरू नका. संगणकातला पाय (π, ३.१४१५…) अपुरा असतो, त्याचा तो उरलेला कण आहे, शून्यच समजा.

आकृती गायब होते किंवा लांब फेकली जाते

मॅट्रिक्सला तुमच्या आकृतीचं केंद्र माहीत नसतं. त्याला फक्त आरंभबिंदू माहीत असतो, आणि फिरवणं, मोठं करणं, आरसा धरणं हे सगळं त्या बिंदूभोवतीच होतं. समजा चपलेच्या तळाचं केंद्र (१२०, ८०) वर आहे आणि तुम्ही ९० अंश फिरवलंत. वरच्या सूत्रात घाला: नवं केंद्र (−८०, १२०). क्ष ऋण झाला, म्हणजे तळ पडद्याच्या डाव्या कडेबाहेर गेला. "गायब" झालेली आकृती तिथे शाबूत असते, फक्त दिसत नाही.

उपाय तीन पायऱ्यांचा आहे. केंद्र आरंभबिंदूवर आणा, फिरवा, परत जागेवर न्या. तिन्ही मॅट्रिक्स गुणून आलेलं उत्तर: ०, १, −१, ०, २००, −४०. पडताळून बघा. क्ष = −८० + २०० = १२०, य = १२० − ४० = ८०. केंद्र जागचं हललं नाही. ही पडताळणी प्रत्येक वेळी करा, कारण फिरवताना जो बिंदू स्थिर राहायला हवा तो सूत्रात घालून तोच परत मिळत नसेल, तर पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही.

कॅनव्हासमध्ये हेच असं लिहितात (ट्रान्सलेट म्हणजे सरकव, रोटेट म्हणजे फिरव):

ट्रान्सलेट(१२०, ८०)
रोटेट(पाय ÷ २)
ट्रान्सलेट(−१२०, −८०)

इथे बरीच मुलं अडखळतात. आधी केंद्र आरंभबिंदूवर आणायचं म्हणालो आणि पहिली ओळ तर उलट्या दिशेने ढकलतेय! कारण असं, की कॅनव्हास प्रत्येक नवं मॅट्रिक्स जुन्याच्या उजव्या बाजूला गुणतो, आणि बिंदू त्याच्याही उजवीकडे असतो. त्यामुळे सगळ्यात शेवटी लिहिलेली आज्ञा बिंदूला सगळ्यात आधी लागते. आकृतीच्या नजरेने वाचायचं असेल तर खालून वर वाचा. आलेखाचा कागदच सरकतोय, फिरतोय असं समजून वाचायचं असेल तर वरून खाली वाचा. दोन्ही वाचनं खरी आहेत. एकाच फंक्शनमध्ये अर्धं असं आणि अर्धं तसं वाचलं की घोळ होतो.

क्रमाचा फरक किती पडतो ते लहान आकड्यांवर बघा. आधी ट्रान्सलेट(१००, ०) आणि मग स्केल(२, २), म्हणजे दुप्पट मोठं कर, असं लिहिलं, तर क्ष = १० हा बिंदू १२० वर जातो. ओळी उलट्या केल्या तर तोच बिंदू २२० वर जातो. तुमच्या बाबतीत कुठलं झालंय हे इ हा आकडाच सांगतो: पहिल्यात तो १००, दुसऱ्यात २००. सरकवण्याचं अंतर स्केलने गुणलं गेलेलं दिसलं, की क्रम उलटा आहे.

अँड्रॉइडच्या मॅट्रिक्समध्ये हीच निवड नावातच दिलेली आहे. प्रीरोटेट म्हणजे कॅनव्हाससारखं, नवं मॅट्रिक्स उजवीकडे. पोस्टरोटेट म्हणजे डावीकडे, आतापर्यंतच्या सगळ्या बदलांनंतर.

सीएसएसमधून कॅनव्हासकडे आलेल्यांना आणखी एक धक्का बसतो. सीएसएसमध्ये एचटीएमएलचा घटक आपोआप स्वतःच्या केंद्राभोवती फिरतो, कारण तिथे ट्रान्सफॉर्म-ओरिजिन मुळातच ५० टक्के, ५० टक्के असतो. एसव्हीजीच्या आतल्या आकृतीसाठी तोच मुळात ०, ० असतो. ब्राउझर तोच, आज्ञा तीच, पण फिरण्याचा खिळा वेगळा. एसव्हीजीच्या ट्रान्सफॉर्म गुणधर्मातल्या रोटेटमध्ये कोनाशेजारी केंद्राचे दोन आकडे देता येतात, ते वापरा. तीन पायऱ्यांचं काम एका ओळीत होतं.

एक चांगली परीक्षा: खिद्रापूरचे बारा खांब

दोष ओळखायला मी एक ठरावीक चित्र काढायला सांगतो. शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. छताला वर गोल मोकळं आकाश आणि त्याच्या खाली वर्तुळात उभे १२ खांब. त्या मधल्या वर्तुळाचा नकाशा काढा. एक खांब काढायचं फंक्शन लिहा आणि ३०-३० अंश फिरवत ते बारा वेळा बोलवा. चौरसच काढा, वर्तुळ नको, कारण वर्तुळ फिरलं की नाही ते कळत नाही.

आता चित्राकडे बघा. वर्तुळ नीट जुळलं पण मध्यावरून सरकलंय, तर केंद्र चुकलं. खांब आत आत किंवा बाहेर बाहेर जात गोगलगाईसारखा आकार झाला, तर फेरीमागे कुठेतरी स्केल घुसतंय. वर्तुळाचं लंबवर्तुळ झालं आणि खांब तिरके दाबले गेले, तर दोन अक्षांना वेगवेगळं स्केल लागलंय. प्रत्येक खांब मध्याकडे तोंड करायच्या ऐवजी सगळे सरळच उभे राहिले, तर तुम्ही जागा फिरवताय, आकृती फिरवत नाही.

आणि खांब अस्ताव्यस्त पसरले, तर अंश आणि रेडियन तपासा. कॅनव्हासला कोन रेडियनमध्ये लागतो. ३० अंश म्हणजे ०.५२३६ रेडियन. तुम्ही सरळ ३० लिहिलंत तर ते ३० रेडियन होतात, म्हणजे चार पूर्ण फेऱ्या आणि वर सुमारे २७९ अंश. एसव्हीजीचा रोटेट अंश घेतो. सीएसएसला एकक लिहूनच द्यावं लागतं. फिरण्याची दिशाही बघून ठेवा. पडद्यावर य खाली वाढतो म्हणून कॅनव्हासमध्ये धन कोन घड्याळाच्या दिशेने फिरतो, पीडीएफमध्ये य वर वाढतो म्हणून तोच कोन घड्याळाच्या उलट फिरतो. सूत्र मात्र दोन्हीकडे एकच आहे. ते बदलायला जाऊ नका.

बाराव्या फेरीनंतर मॅट्रिक्स छापा. १२ × ३० = ३६०, म्हणजे सुरुवातीचे सहा आकडे दशांशाच्या शेवटच्या घरांपर्यंत परत यायला हवेत.

डावा पाय मापाला कमी येतो

हा दोष पडद्यावर दिसतच नाही, म्हणून सगळ्यात महाग पडतो. त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

२०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली आपली कोल्हापुरी चप्पल हातानेच बनते. संगणक येतो तो त्याआधी: तळाचा, पट्ट्याचा, कानाचा पॅटर्न आखायला, मापं लहान-मोठी करायला आणि साचे कापून घ्यायला. उजव्या पायाचा तळ आखला की डावा म्हणजे त्याचा आरसा. क्ष = म या उभ्या रेषेत आरसा धरायचा तर मॅट्रिक्स होतं −१, ०, ०, १, २म, ०. पडद्यावर जोड छान दिसतो. साचे कापून येतात तेव्हा उजवा बरोबर असतो आणि डावा चारी बाजूंनी बारीक.

दहावीच्या बीजगणितात शिकलेला निश्चयक इथे काढा: अ × ड − ब × क. आरशाच्या मॅट्रिक्सचा निश्चयक −१ येतो. निश्चयकाची किंमत सांगते क्षेत्रफळ किती पट झालं, आणि त्याचं चिन्ह सांगते कड कुठल्या दिशेने चालते. ऋण असेल तर घड्याळाच्या दिशेने जाणारी कड आता उलट दिशेने जाते. रंग भरताना याने काही बिघडत नाही. पण कापणाऱ्या यंत्राला किरणाची किंवा बिटची जाडी भरून काढावी लागते, आणि ते "डावीकडे सरक" किंवा "उजवीकडे सरक" असं चालण्याच्या दिशेवरून ठरवतो. सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कापणीयंत्रावर, काम केलेल्या कुणालाही त्यासाठीच्या जी ४१ (डावीकडे) आणि जी ४२ (उजवीकडे) या आज्ञा माहीत असतात. कड उलटी चालू लागली की बाहेर सरकायचं ते हत्यार आत सरकतं.

हिशेब करा. ३ मिलिमीटरचा राउटर बिट असेल, तर बरोबर भरपाईत तो कडेच्या बाहेर दीड मिलिमीटरवरून चालतो आणि माप अचूक येतं. उलट्या भरपाईत तो आत दीड मिलिमीटरवरून चालतो आणि वर स्वतःचे दीड खातो. प्रत्येक बाजूला ३, एकूण रुंदीत ६ मिलिमीटर कमी. लेझरचा कर्फ, म्हणजे किरणाने खाल्लेली रुंदी, ०.२ मिलिमीटर असेल तर एकूण ०.४ मिलिमीटरचा फरक, जो पुठ्ठ्याच्या साच्यात लक्षातही येत नाही आणि पट्टा ओवायच्या चिरेत मात्र नडतो.

उपाय: बिंदूंना मॅट्रिक्स लावून झाल्यावर निश्चयक ऋण असेल तर बिंदूंचा क्रम उलटा करा. कडेत वर्तुळाचे कंस असतील तर जी ०२ (घड्याळाच्या दिशेने) आणि जी ०३ (उलट दिशेने) मूळचेच राहू द्या, कारण आरशाने उलटलेली कंसाची दिशा क्रम उलटा केला की परत मूळची होते. तळावरचा मापाचा आकडा आरशात उलटा उमटतो, म्हणून अक्षरांना आरसा लावू नका. फक्त त्यांच्या जागेचा बिंदू मॅट्रिक्समधून काढा आणि अक्षरं तिथे सरळ लिहा.

"डावा असेल तर उलट कर" अशी अट कोडमध्ये घालू नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. पडद्याचा य खाली वाढतो, डीएक्सएफ फाइलचा (यंत्राकडे आरेखन न्यायची फाइल) आणि यंत्राचा वर वाढतो. त्यामुळे फाइल बाहेर काढताना १, ०, ०, −१, ०, उंची असं मॅट्रिक्स आपोआप लागतंच, आणि तोही एक आरसाच आहे. मग उजव्या तळाचा एकूण निश्चयक ऋण होतो आणि डाव्याचा, दोन आरसे लागल्यामुळे, धन! चिन्ह नेहमी सगळी मॅट्रिक्स गुणून आलेल्या शेवटच्या मॅट्रिक्सचं बघा. तेवढं एक बघितलं की डावा-उजवा लक्षात ठेवायची गरजच उरत नाही.

तळ तिरका होतो

आपल्याकडे वापरात असलेल्या ब्रिटिश मापात एक नंबर वाढला की लांबी एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण ८.४७ मिलिमीटर वाढते. रुंदी त्या मानाने कमी वाढते. म्हणजे मापं वाढवताना लांबीचं आणि रुंदीचं स्केल वेगळं असणं बरोबरच आहे. अडचण तेव्हा येते जेव्हा कातड्याच्या तुकड्यात बसवण्यासाठी तळ आधीच फिरवलेला असतो आणि स्केल त्यानंतर लागतं. तेव्हा ताण तळाच्या लांबीच्या दिशेने बसत नाही, पडद्याच्या आडव्या दिशेने बसतो, आणि तळ समांतरभुज चौकोनासारखा कलतो.

सहा आकड्यांत हे ओळखायची खूण: अ × क + ब × ड. दोन्ही अक्ष काटकोनात असतील तर हे शून्य येतं. ४५ अंश फिरवून मग आडवं दुप्पट ताणलं तर चार आकडे साधारण १.४१४, ०.७०७, −१.४१४, ०.७०७ येतात. बेरीज −२ + ०.५ = −१.५. शून्य नाही, म्हणजे काटकोन मोडला. निश्चयक इथे २ येतो, अगदी अपेक्षेप्रमाणे, म्हणून नुसत्या निश्चयकावर विसंबू नका. उपाय म्हणजे क्रम: स्केल बिंदूला सगळ्यात आधी लागू द्या, तळ अक्षाला धरून उभा असताना. मग फिरवा. मग जागेवर न्या. आज्ञा कॅनव्हासमध्ये लिहाल तेव्हा ट्रान्सलेट, रोटेट, स्केल.

असाच एक छोटा भाऊबंद: वेगवेगळं स्केल लावून रेघ ओढली की ती उभ्यात जाड आणि आडव्यात बारीक दिसते. रेघेच्या जाडीलाही मॅट्रिक्स लागतं म्हणून. मार्ग आखून घ्या, मॅट्रिक्स पूर्ववत करा, मग रेघ ओढा. कॅनव्हास हे करू देतो.

हळूहळू वेग वाढत जातो, किंवा दुसऱ्या आकृत्याही फिरू लागतात

प्रत्येक फ्रेमला कोन एक अंशाने वाढवून रोटेट बोलवता, पण मॅट्रिक्स पूर्ववत करत नाही. मग कोनांची बेरीज होत जाते. दहाव्या फ्रेमला १० अंश हवे असतात आणि १ + २ + … + १० = ५५ मिळतात. सेव्ह (मॅट्रिक्स जपून ठेव) आणि रिस्टोअर (जपलेलं परत आण) यांची जोडी लावा. जोडी असूनही बिघडत असेल तर दोघांच्या मध्ये फंक्शनमधून लवकर बाहेर पडणारी एखादी अट शोधा. बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

मॅट्रिक्समध्येच अवस्था साठवून त्यावर रोज थोडं थोडं गुणत राहण्याची सवयही मोडा. दशांशातला कण कण साठत जातो, आणि ३२ बिटच्या आकड्यांत तो लवकर दिसू लागतो. जागा, कोन आणि स्केल हे साधे आकडे साठवा, आणि प्रत्येक फ्रेमला त्यांच्यातून नवं मॅट्रिक्स बांधा.

मोबाइलवर चित्र वरच्या डाव्या कोपऱ्यात आक्रसतं

दाट पिक्सेलच्या पडद्यासाठी सुरुवातीला स्केल(२, २) लावलेलं असतं. मग कुणीतरी "साफ" करायला सेटट्रान्सफॉर्म १, ०, ०, १, ०, ० करतं आणि ते २ पुसलं जातं. तुमचं पूर्ववत मॅट्रिक्स २, ०, ०, २, ०, ० आहे, ते एका ठिकाणी साठवून तेच लावा. खिडकीचा आकार बदलल्यावरच हे होत असेल तर कारण वेगळं: कॅनव्हासची रुंदी किंवा उंची नव्याने दिली की त्याची सगळी अवस्था, मॅट्रिक्ससकट, मूळपदावर येते. आकडा तोच दिला तरीही.

आकृतीवर क्लिक केलं तरी लागत नाही

चित्र काढताना मॅट्रिक्स आकृतीकडून पडद्याकडे नेतं. क्लिक उलटा येतो, पडद्याकडून आकृतीकडे, म्हणून त्याला व्यस्त मॅट्रिक्स लागतं. २, ०, ०, २, १००, ५० असं मॅट्रिक्स असताना (३००, २५०) वर क्लिक झालं. आधी सरकवलेलं काढा, मग भागा: (३०० − १००) ÷ २ = १००, (२५० − ५०) ÷ २ = १००. आधी भागून मग वजा केलं तर (५०, ७५) येतात, आणि तोच तो दोष. शेवटी जे लागलं ते आधी काढायचं. हाताने करण्यापेक्षा लायब्ररीचं इन्व्हर्स वापरा.

तरीही चुकत असेल, आणि कोपऱ्यापासून लांब जाल तसं जास्त चुकत असेल, तर कॅनव्हासचा आतला आकार आणि पडद्यावर दिसणारा आकार वेगळे आहेत. आकार न दिलेला कॅनव्हास आतून ३०० बाय १५० चा असतो. सीएसएसने तो ताणला की चित्र धूसर होतं आणि क्लिकही सरकतात. क्लिकचे निर्देशक आधी आतल्या आकाराच्या प्रमाणात आणा, मग व्यस्त मॅट्रिक्स लावा. ॲनिमेशनच्या सुरुवातीला स्केल शून्य असेल तर निश्चयक शून्य होतो आणि व्यस्त निघतच नाही. तेवढ्या क्षणापुरते क्लिक सोडून द्या.

माउसच्या टोकाशी झूम करणं म्हणजेही वर सांगितलेल्या तीन पायऱ्याच, फक्त रोटेटच्या जागी स्केल.

आकडे दुसऱ्या लायब्ररीत नेले आणि सगळं उलटं झालं

पायथनच्या पिलो या चित्रांच्या लायब्ररीत अफाइन रूपांतराला द्यायचे सहा आकडे ओळीने असतात, म्हणजे अ, क, इ, ब, ड, फ. शिवाय ते आउटपुटच्या पिक्सेलवरून इनपुटकडे नेणारे, म्हणजे व्यस्त मॅट्रिक्सचे असतात. मोठं करायला गेलात आणि चित्र लहान झालं तर हेच. ओपनसीव्ही या दुसऱ्या लायब्ररीचं वॉर्पअफाइन दोन ओळींचं मॅट्रिक्स सरळ दिशेने घेतं आणि व्यस्त स्वतः काढतं. तिथे तुम्ही पुन्हा उलटं करू नका.

पडद्यावर बरोबर, कागदावर लहान

इथे कोडमधली सगळी मॅट्रिक्स बरोबर असतात. एक मॅट्रिक्स वाटेत कुणीतरी न विचारता लावलेलं असतं. ते शोधायचा मार्ग म्हणजे मोजमाप आणि भागाकार.

प्रत्येक फाइलमध्ये १०० मिलिमीटरची एक आडवी आणि एक उभी रेघ कायम ठेवा. छापून किंवा कापून आल्यावर पट्टीने मोजा. आडवी-उभी दोन्ही ७५ आल्या तर बहुधा पीडीएफचे पॉइंट (इंचाला ७२) सीएसएसचे पिक्सेल (इंचाला ९६) समजून वाचले गेलेत: ७२ ÷ ९६ = ०.७५. १३३ आल्या तर तेच उलट. ९३.७५ आल्या तर कुठेतरी ९० आणि ९६ ची गल्लत आहे. इंकस्केप या रेषाचित्रांच्या सॉफ्टवेअरच्या ०.९२ आवृत्तीआधी इंचाला ९० पिक्सेल धरले जायचे, आणि जुन्या फाइली घेऊन काम करणाऱ्यांकडे हा आकडा अजून सापडतो. २६० मिलिमीटरचा तळ त्यात २४३.७५ चा होतो, म्हणजे जवळजवळ दोन नंबर लहान. आकृती २५.४ पट मोठी किंवा लहान झाली तर डीएक्सएफ उघडताना इंच आणि मिलिमीटर यांची निवड चुकली. आणि ९७ असला कुठल्याच गुणोत्तरात न बसणारा आकडा आला, तर प्रिंटच्या खिडकीत "पानात बसवा" निवडलेलं आहे का ते बघा आणि १०० टक्के करा.

आडवी रेघ १०० आणि उभी ९९.२ अशी आली, तर ते कोडमध्ये दुरुस्त करू नका. तीच फाइल ९० अंश फिरवून पुन्हा छापा. आता आडवी ९९.२ आली तर दोष फाइलमध्ये आहे, वरच्या काटकोनाच्या खुणेकडे आणि अ, ड या आकड्यांकडे परत जा. पुन्हा उभीच ९९.२ आली तर तो प्रिंटरच्या कागद ओढण्याचा किंवा यंत्राच्या त्या अक्षाचा फरक आहे, आणि तो त्या यंत्राच्या सेटिंगमध्येच सुधारायला हवा.